ऱ्हाइन, मोझेल, अल्सास : दोघांनी कॅम्परव्हॅनने करायची निवांत फेरी

जर्मनी आणि फ्रान्स कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाडीने, पाहायचे ठरले की बहुतेक जोडपी नकाशावर सर्वप्रथम बर्लिन, म्युनिक आणि पॅरिस या शहरांवर खुणा करतात आणि बेत तिथेच बिघडतो. ही शहरे रेल्वेने जाऊन पाहावीत. पावणेतीन मीटर उंचीचे वाहन घेऊन त्यांत शिरायचे, जागा शोधत फिरायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचशे किलोमीटर कापायचे, यात व्हॅन घेण्याचा हेतूच हरवतो. ज्या गावात हॉटेल मिळणे अवघड अशा नदीकाठच्या गावात मुक्काम करता यावा, सकाळचा चहा द्राक्षमळ्याकडे पाहत घेता यावा आणि आवडलेल्या ठिकाणी आणखी एक रात्र राहण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये, हे व्हॅनचे खरे सुख आहे. म्हणून पन्नाशी-साठीतल्या जोडप्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की, फेरी लहान आखावी आणि दिवस भरपूर ठेवावेत.

मी सुचवतो ती फेरी फ्रँकफुर्टला सुरू होऊन तिथेच संपते, कारण एका शहरात व्हॅन घेऊन दुसऱ्या शहरात परत करायची तर बहुतेक कंपन्या जास्तीचे पैसे घेतात. फ्रँकफुर्टहून ऱ्हाइनच्या खोऱ्यातून कोब्लेंझ, तिथून मोझेल नदीच्या काठाने ट्रियर, पुढे लक्झेंबर्गचा कोपरा ओलांडून फ्रान्समधील मेत्झ आणि नान्सी, व्होज पर्वत चढून-उतरून अल्सासमधील कोलमार, ऱ्हाइन पुन्हा ओलांडून फ्रायबुर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, बाडेन-बाडेन, हायडेलबर्ग आणि परत फ्रँकफुर्ट. हे सारे अंतर साधारण हजार-अकराशे किलोमीटर भरते. त्यासाठी तीन आठवडे द्यावेत. एका ठिकाणी शक्यतो दोन रात्री आणि एका दिवसात शंभर किलोमीटरच्या आत प्रवास, एवढे दोन नियम पाळले तर थकवा येत नाही. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे नदीकाठच्या जागा दुपारीच भरतात, तर नोव्हेंबर ते मार्च या काळात अनेक कॅम्पिंग, म्हणजे तंबू-व्हॅनच्या मुक्कामाच्या जागा, बंद असतात आणि पाणी गोठू नये म्हणून सार्वजनिक नळही बंद ठेवतात.

कागदपत्रे

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आणि रात्री समसमान असतील तर प्रथम प्रवेश होणाऱ्या देशाकडे. या फेरीत दोन्ही निकषांनी जर्मनीच येते. व्हॅनचा मुक्काम ठरलेला नसतो, त्यामुळे निवासाचा पुरावा काय द्यायचा हा प्रश्न अनेकांना पडतो. व्हॅनचा भाडेकरार, पहिल्या व शेवटच्या रात्रीचे हॉटेल, मधल्या काही कॅम्पिंगची आरक्षणे आणि दिवसवार आखलेला मार्ग एवढे सुसंगतपणे जोडावे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, ही मर्यादा शेंगेन देशांत मुलांकडे जाऊन-येऊन असणाऱ्या ज्येष्ठांनी विशेष लक्षात ठेवावी.

वाहन चालवण्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो, मात्र मूळ भारतीय परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो, म्हणून दोन्ही जवळ बाळगावेत. शक्य असेल तर दोघांनीही तो काढावा आणि दोघांचीही नावे करारात चालक म्हणून घालावीत. ज्याचे नाव करारात नाही त्याने चाक हाती घेतले तर विमा लागू होत नाही, आणि तीन आठवड्यांत एकाला ताप येणे किंवा कंबर धरणे अशक्य नसते.

व्हॅन कोणती घ्यावी

आपल्या साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचे वाहन चालवता येते, आणि दोघांसाठी त्याहून मोठे लागतही नाही. फियाट डुकाटोसारख्या मालवाहू गाडीच्या साच्यात घर बसवलेली, सहा मीटर लांबीची, उंच छपराची व्हॅन ही माझ्या मते सर्वांत योग्य. ती गावातल्या गल्लीतून जाते, बाजारपेठेच्या साध्या पार्किंगमध्ये बहुधा मावते, आणि तिच्यात स्वयंपाकघर, शौचालय, शॉवर व झोपण्याची जागा असते.

पलंगाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. सहा मीटरच्या व्हॅनमध्ये पलंग बहुतेक वेळा आडवा, गाडीच्या रुंदीत बसवलेला असतो. त्यामुळे मागच्या दाराच्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचे झाले की दुसऱ्याच्या अंगावरून यावे लागते. शिवाय उंच माणसाचे डोके एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लागतात. ज्यांना रात्री एक-दोनदा उठावे लागते किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी साधारण ६.४ मीटर लांबीची, दोन उभे स्वतंत्र पलंग आणि मध्ये पायरी असलेली व्हॅन मागावी. थोडे भाडे जास्त पडते, पण तीन आठवडे झोप चांगली लागते.

भाडे हंगामानुसार दिवसाला साधारण ८० ते १५० युरोंच्या दरम्यान असते. त्याशिवाय गॅस, शौचालयाचे रसायन वगैरेंसाठी एक ठरावीक सेवाशुल्क असते, आणि अपघात झाल्यास आपल्याला सोसावी लागणारी रक्कम अनामत म्हणून क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. ही रक्कम हजार-दीड हजार युरो असू शकते, त्यामुळे कार्डाची मर्यादा आधीच तपासावी. विमान उतरल्या दिवशी व्हॅन ताब्यात घेऊ नये. एक रात्र फ्रँकफुर्टजवळ झोपून, दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने ताबा घ्यावा. कंपनीचा माणूस तासभर सर्व यंत्रणा समजावून सांगतो, तेव्हा एकाने प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्याने फोनवर त्याचे चित्रीकरण करावे. दहाव्या दिवशी रात्री हीटर बंद पडला की हे चित्रीकरणच कामाला येते. बाहेरील प्रत्येक ओरखड्याचे आणि छताच्या कडांचे छायाचित्रही त्याच वेळी काढून ठेवावे.

गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवावी. फ्रान्समध्ये अनेक पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो, आणि मोटार चालवण्याची सवय असलेल्या माणसाला डोक्यावर काय आहे हे पाहण्याची सवय नसते.

रस्त्यावर

दोन्ही देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात, आणि याची सवय साधारण दोन दिवसांत होते. चूक बहुधा सकाळी पार्किंगमधून पहिल्यांदा बाहेर पडताना किंवा रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना होते, म्हणून या दोन वेळी शेजारी बसलेल्याने 'उजवीकडे' असे मोठ्याने म्हणण्याची रीत ठेवावी. दुसरा धोका चौकातला. जिथे कोणतीही पाटी नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग त्याची गल्ली कितीही लहान असो. आपण ज्या रस्त्यावर आहोत त्यावर टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली की अग्रक्रम आपला.

जर्मनीच्या महामार्गावर साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनाला पथकर नाही आणि अनेक टप्प्यांवर वेगमर्यादाही नाही, परंतु व्हॅनने उजव्या पट्ट्यात नव्वद-शंभरच्या वेगाने जावे. डावीकडून येणारी मोटार आरशात ठिपक्याएवढी दिसते आणि डोळे मिटून उघडेपर्यंत शेजारी येते. वाहतूक तुंबली तर जर्मनीत रुग्णवाहिकेसाठी मधोमध वाट मोकळी करणे कायद्याने बंधनकारक आहे. सर्वांत डाव्या पट्ट्यातील वाहने डावीकडे सरकतात, बाकीची उजवीकडे. गाड्या पूर्ण थांबण्याआधीच हे करायचे असते.

फ्रान्समध्ये महामार्गावर कमाल वेग १३० आणि पावसात ११० आहे. दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यावर साधारणपणे ८०, काही जिल्ह्यांत ९०, आणि गावात ५०. महामार्गांवर पथकर असतो आणि दोन ते तीन मीटर उंचीच्या गाडीला मोटारीपेक्षा वरच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा दर लागतो. आपल्या फेरीत मात्र मेत्झ ते नान्सीचा महामार्ग मोफत आहे, व्होज पर्वत आपण घाटरस्त्याने ओलांडतो आणि अल्सासमधील उत्तर-दक्षिण महामार्गही मोफत आहे, त्यामुळे पथकर द्यावाच लागत नाही. डिझेलच्या पंपावर फ्रान्समध्ये 'गाझोल' असे लिहिलेले असते. टाकीच्या झाकणाजवळ आणि पंपावर दोन्हीकडे 'बी ७' ही खूण जुळते का ते पाहिले की चूक होत नाही. निळ्या झाकणाच्या टाकीत अॅडब्लू नावाचे वेगळे द्रव्य जाते, तिथे डिझेलची नळी कदापि लावू नये. सुपरमार्केटच्या पंपावर डिझेल स्वस्त मिळते, पण माणूस नसेल तर यंत्र कार्डावर तात्पुरती मोठी रक्कम अडवून ठेवते.

जर्मनीतील अनेक मोठ्या शहरांत काचेवरील हिरव्या पर्यावरण-स्टिकरशिवाय प्रवेश नाही. भाड्याच्या गाडीला तो लावलेला असतो, तरी ताबा घेताना खात्री करावी. फ्रान्समधील काही शहरांची स्वतःची वेगळी पद्धत आहे. तिच्यात पडण्यापेक्षा शहराबाहेर व्हॅन ठेवून ट्रामने जाणे सोयीचे.

वाहन मागे घेणे हे मात्र दोघांचे काम. एकाने उतरून मागे, चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असे उभे राहावे. हाताच्या तीनच खुणा आधी ठरवून घ्याव्यात : ये, थांब, चाक वळव. आरशात साथीदार दिसेनासा झाला की चालकाने जागच्या जागी थांबावे. ओरडून सूचना देऊ नयेत, कारण त्या इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाहीत आणि ऐकू आल्या तरी सूर दोघांनाही बोचतो.

रात्री कुठे थांबावे

मुक्कामाचे तीन-चार प्रकार आहेत आणि त्यांचा मिलाफ करावा. पहिला प्रकार संपूर्ण सोयींच्या कॅम्पिंगचा. इथे आंघोळीची गरम पाण्याची जागा, वीज, कपडे धुण्याचे यंत्र मिळते आणि दोघांचे मिळून साधारण ३० ते ४५ युरो पडतात. फ्रान्समधील नगरपालिकेची कॅम्पिंग साधी पण स्वच्छ असतात आणि बरीच स्वस्त पडतात. जर्मन कॅम्पिंगमध्ये दुपारी १ ते ३ विश्रांतीची वेळ असते, तेव्हा फाटक बंद असते आणि आत गाडी हलवता येत नाही. म्हणून पोहोचणे एकतर साडेबाराच्या आधी किंवा तीननंतर. रात्री दहानंतर शांतता पाळली जाते आणि ती मनापासून पाळली जाते. गाडीचे सरकते दारही जपून लावावे, कारण त्याचा आवाज पुढच्या दहा गाड्यांना ऐकू जातो.

दुसरा प्रकार केवळ व्हॅनसाठी राखलेल्या थांब्यांचा, ज्याला जर्मनीत 'श्टेलप्लाट्झ' आणि फ्रान्समध्ये 'एर' म्हणतात. इथे पाणी भरण्याची, सांडपाणी सोडण्याची आणि बहुधा विजेची सोय असते, खर्च कमी असतो. आरक्षण बहुतेक ठिकाणी नसते, जो आधी येईल त्याला जागा, म्हणून मोझेलकाठच्या चांगल्या जागांवर दुपारी तीनपर्यंत पोहोचावे. तिसरा प्रकार शेतकरी आणि द्राक्षबागायतदारांकडील मुक्कामाचा, आणि या प्रवासातील सर्वांत आनंदाचा. फ्रान्समध्ये 'फ्रान्स पासियाँ' आणि जर्मनीत 'लांडफेरग्न्यूगन' या योजनांचे वार्षिक सभासदत्व घेतले की सभासद शेतकऱ्यांच्या अंगणात एक रात्र विनामूल्य थांबता येते. फ्रान्सच्या योजनेत असे दोन हजारांहून अधिक यजमान आहेत. काही विकत घेण्याची सक्ती नसते, तरी पोहोचल्यावर प्रथम यजमानाला भेटून नमस्कार करावा, निघताना निरोप घ्यावा, आणि त्यांच्याकडचा मुरंबा, मध, द्राक्षरस किंवा वाइन काही ना काही घ्यावे. दारू न पिणाऱ्या जोडप्यांनी संकोच करू नये, बहुतेक बागायतदारांकडे द्राक्षाचा ताजा रसही असतो.

याशिवाय जर्मनीत जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे चालकाचा शीण जाण्यासाठी एक रात्र गाडीत झोपलेले चालते, पण खुर्च्या मांडणे, बाजूचे कापडी छत उघडणे, स्वयंपाक बाहेर करणे म्हणजे तळ ठोकणे, आणि त्याला परवानगी नाही. फ्रान्समध्येही हाच भेद मानतात, आणि गावोगावी स्थानिक मनाईच्या पाट्या असतात. ओळख नसलेल्या ठिकाणी, विशेषतः महामार्गाच्या विश्रांतिस्थळी, रात्र काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस युरो वाचवण्यासाठी चोरीची भीती उशाशी घेऊन झोपू नये.

पाणी, शौचालय, गॅस आणि वीज

व्हॅनमध्ये स्वच्छ पाण्याची साधारण शंभर लिटरची टाकी आणि जवळपास तेवढीच सांडपाण्याची टाकी असते. दोघांना बेताने वापरले तर तीन दिवस पुरते. सेवास्थानकावर दोन नळ असतात आणि त्यांच्यात गफलत होऊ देऊ नये. एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा शौचालयाची पेटी धुण्याचा. दुसऱ्या नळावर जर्मनीत 'काइन ट्रिंकवासर' आणि फ्रान्समध्ये 'ओ नाँ पोताब्ल' असे लिहिलेले असते. पाणी भरण्यासाठी स्वतःची नळी वापरावी आणि नळीचे तोंड जमिनीला लागू देऊ नये. पिण्यासाठी मात्र बाटलीचे किंवा गाळलेले पाणी ठेवावे, टाकीचे पाणी स्वयंपाकात उकळून वापरावे.

शौचालयाच्या पेटीविषयी लोक बोलायचे टाळतात, म्हणून इथे सविस्तर सांगतो. ही साधारण १८-२० लिटरची प्लास्टिकची पेटी गाडीच्या बाहेरच्या बाजूने, लहान दार उघडून काढतात. आधी आतून शौचालयाची सरकती झडप बंद केल्याखेरीज ती निघत नाही. चाके असतील तर ओढत न्यावी. ठरवलेल्या खड्ड्यापाशी आल्यावर ओतण्याची तोटी बाहेरच्या दिशेला फिरवून झाकण काढावे, आणि ओतताना अंगठ्याने हवेचे बटण दाबून ठेवावे. हे बटण दाबले नाही तर पाणी धक्क्याधक्क्याने येते आणि अंगावर उडते. रिकामी झाल्यावर थोडे पाणी घालून हलवून पुन्हा ओतावे, आणि शेवटी दोन लिटर पाण्यात रसायनाची पुडी टाकून पेटी जागी बसवावी. सवय झाली की सारे काम पाच मिनिटांचे आहे. दोघांना दर दोन-तीन दिवसांनी करावे लागते, आणि पाळी लावून घेतली की वाद होत नाहीत.

सिलिंडर जर्मनीचा असेल तर तो फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही, कारण दोन्ही देशांच्या सिलिंडरचे जोड वेगळे आहेत. म्हणून ट्रियर सोडण्यापूर्वी गॅस किती उरला आहे हे पाहून आवश्यक तर तिथेच बदलून घ्यावा. मे ते सप्टेंबर या काळात केवळ स्वयंपाक आणि गरम पाण्यापुरता वापर असेल तर अकरा किलोचा एक सिलिंडर पुष्कळ दिवस जातो, हीटर लागू लागला की मात्र वेगाने संपतो. पंपावर डिझेल भरताना गॅसवर चालणारा फ्रिज बंद ठेवावा.

विजेसाठी निळ्या रंगाची तीन टोकांची युरोपीय जोडणी असते, फ्रान्समधील जुन्या कॅम्पिंगसाठी एक लहान अडॅप्टर जवळ ठेवावा. महत्त्वाचे म्हणजे फ्रान्समध्ये अनेकदा सहाच अँपिअरची वीज मिळते. सहा अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॅट. दोन हजार वॅटची किटली लावली की जोडणीच खटकन बंद होते आणि ती पुन्हा सुरू करण्यासाठी कार्यालयात जावे लागते. म्हणून पाणी गॅसवर उकळावे, विजेवर फक्त फोन, फ्रिज आणि दिवे ठेवावेत.

स्वयंपाक

इकडून डाळ, तांदूळ, पोहे, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पापड, लोणचे हे सारे नेता येते, पण युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे तूप, पेढे, बर्फी, चीज बॅगेत नको. ताजी फळे आणि भाज्या, म्हणजे कढीपत्ता, हिरवी मिरची हेही नेऊ नये. तुपाची अडचण सहज सुटते, कारण तिथले बिनमिठाचे लोणी उत्तम असते आणि सकाळी दोनशे पन्नास ग्रॅम लोणी कढवले तर तीन-चार दिवस पुरेल एवढे तूप होते. दोन लिटरचा लहान कुकर घेऊन जावा. फोडणी करताना छताची खिडकी आणि सरकते दार आधी उघडावे, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराची घंटा वाजते. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात, फक्त बेकऱ्या काही तास उघडतात, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत सामान भरून ठेवावे. फ्रान्समध्ये लहान गावांत दुपारी बारा ते दोन दुकाने बंद होतात.

एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत हा पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा, म्हणजे अॅस्परॅगसचा, हंगाम. ते सोलून, लोण्यात परतून, उकडलेल्या बटाट्यांबरोबर खावेत, व्हॅनच्या दोन शेगड्यांवर होणारे हे उत्तम जेवण आहे. अल्सासमध्ये पातळ पिठाच्या पोळीवर कांदा, मलई पसरून भाजलेली 'तार्त फ्लाँबे' शाकाहारी स्वरूपातही मिळते, पण मागताना बेकन नको असे स्पष्ट सांगावे.

फेरीतील टप्पे

पहिल्या दिवशी केवळ रुडेसहाइमपर्यंतच जावे. इथून कोब्लेंझपर्यंतचा सुमारे ६५ किलोमीटरचा ऱ्हाइनचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा आहे, आणि या संपूर्ण पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचे तर व्हॅनसह जाता येणाऱ्या फेरीबोटी आहेत, त्यांतून एकदा तरी जावे. बाखाराख आणि लोरेलाय कड्यासमोरचे सांक्ट गोआर ही गावे पाहावीत. मात्र दोन्ही काठांवरून लोहमार्ग गेलेले आहेत आणि मालगाड्या रात्रभर धावतात, तेव्हा ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी इथे एकच रात्र काढून मोझेलकडे सरकावे.

मोझेलच्या काठावर चार-पाच रात्री द्याव्यात, इतकी ही नदी सुंदर आहे. कोखेम, ब्रेम येथील नदीचे वळण आणि बेर्नकास्टेल-कूस यांच्या दरम्यान नदीच्या अगदी कडेला थांबे आहेत. ब्रेमच्या कालमोंट उतारावरील द्राक्षमळा जगातल्या सर्वांत उभ्या मळ्यांपैकी एक मानतात. तिथे वेलींची एकेक ओळ माणसाने हातानेच जोपासलेली दिसते. सपाट सायकलमार्ग नदीच्या काठाकाठाने जातो, तेव्हा व्हॅन उभी ठेवून दोन सायकली भाड्याने घेणे उत्तम. सकाळी बाहेर पडावे, दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एखाद्या गावात कॉफी घ्यावी आणि दमल्यास रेल्वेने परत यावे. ट्रियरमध्ये दुसऱ्या शतकातील रोमन वेस, पोर्टा निग्रा, आजही शहराच्या तोंडाशी उभी आहे.

ट्रियरहून नदीच्या काठानेच पुढे गेले की जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग एकत्र येतात तिथे शेंगेन हे लहानसे गाव लागते. ज्या कराराच्या नावाचा व्हिसा घेऊन आपण आलो तो १४ जून १९८५ रोजी इथेच नदीतील एका जहाजावर झाला. तासभर थांबून, लक्झेंबर्गचे स्वस्त डिझेल भरून मेत्झला जावे. मेत्झच्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा, त्यांतल्या काही चित्रकार शागालने केलेल्या, दुपारच्या उन्हात पाहाव्यात. शेजारच्या बंदिस्त मंडईत भाजी घ्यावी. नान्सीचा स्तानिस्लास चौक संध्याकाळी, दिवे लागल्यावर पाहावा.

व्होज पर्वत ओलांडताना जेरार्मेच्या तळ्याकाठी मुक्काम करून सकाळी श्लुख्त खिंड, ११३९ मीटर, चढावी. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. गाडी ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवावी. पायथ्याशी आल्यावर अल्सासचा द्राक्षमार्ग लागतो. १९५३ मध्ये आखलेला हा मार्ग सुमारे १७० किलोमीटर आहे, पण सगळा करू नये. कोलमारजवळ तळ ठेवून एगिसहाइम, रिकवीर, कायझर्सबेर्ग ही गावे बसने किंवा सायकलने करावीत, कारण या गावांतील रस्ते व्हॅनसाठी नाहीत. कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयातील इझेनहाइमची चित्रांनी सजलेली चर्चमधील वेदी पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

ब्रायझाखच्या पुलावरून जर्मनीत परतताना पासपोर्ट हाताशी ठेवावा, जर्मनीने जमिनीवरील सीमांवर तपासण्या पुन्हा सुरू केल्या आहेत. ब्लॅक फॉरेस्टमध्ये एक मोठी सोय आहे जी बहुतेक प्रवासी वाया घालवतात. अनेक गावांतील कॅम्पिंगमध्ये पर्यटनकर भरला की 'कोनस' नावाचे पाहुणेकार्ड मिळते आणि त्यावर त्या भागातील बस व रेल्वेचा प्रवास मोफत होतो. टिटिझेच्या तळ्याजवळ व्हॅन ठेवून फ्रायबुर्गला रेल्वेनेच जावे. स्ट्रासबुर्ग पाहायचे असेल तर पुढे केल या जर्मन गावाच्या बाजूला थांबावे. तिथून २०१७ पासून ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट स्ट्रासबुर्गच्या मध्यवर्ती भागात जाते. फ्रॉयडनश्टाट ते बाडेन-बाडेन हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता सावकाश, दर दृश्यस्थळी थांबत करावा.

हायडेलबर्गमध्ये मराठी माणसाने किल्ल्याबरोबर विद्यापीठाचा परिसरही पाहावा. इथल्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर यांनी अध्यापन केले. खंडोबा, बिरोबा आणि धनगर समाजाच्या परंपरा यांचा अभ्यास करण्यासाठी हा जर्मन विद्वान वर्षानुवर्षे महाराष्ट्रात वाड्यावस्त्यांवर हिंडला. आपल्याच मातीतल्या दैवतांविषयीचे इतके जिव्हाळ्याचे काम नेकार नदीच्या काठावर उभे राहिले, ही गोष्ट तिथे उभे राहून आठवावीशी आहे.

व्हॅन परत करण्याच्या आदल्या रात्री फ्रँकफुर्टपासून अर्ध्या तासावरच्या कॅम्पिंगमध्ये थांबावे. परतीची वेळ बहुधा सकाळी नऊ-दहाची असते, आणि सांडपाण्याची टाकी व शौचालयाची पेटी रिकामी, आतील फरशी पुसलेली आणि डिझेल पूर्ण भरलेले लागते. पेटी रिकामी नसेल तर शंभर युरोंच्या वर दंड लागू शकतो. भांडी आणि गाद्यांखालचे कप्पे संध्याकाळीच आवरून ठेवावेत, डिझेल परतीच्या पाच-दहा किलोमीटर आधी भरून पावती ठेवावी, आणि उरलेले तांदूळ, डाळ, मसाले कॅम्पिंगमधील शेजाऱ्याला विचारून द्यावेत. कंपनीच्या माणसासमोर गाडीभोवती एक फेरी मारून, अनामत परत करण्याच्या कागदावर त्याची सही घेतल्यावरच किल्ली हाती द्यावी.